पहिल्या विधेयकाला सगळे लाल

माझा बाबा गुरांचा लिलाव करतो. माइक हातात आला की त्याच्या तोंडून आकडे असे सुटतात की दोन आकड्यांमध्ये माशीलाही बसायला जागा मिळू नये. पण माइक काढून घ्या आणि साधं विचारा, "काय व्हर्लिन, कसं काय?" की संपलं. टोपी काढणार, टोपीच्या आत बघणार, टोपी परत घालणार आणि मग म्हणणार, "ठीक."

असा माणूस आमदार झाला, आणि त्यात माझा हात आहे.

आमच्या टॉर्विक गावात दर वसंतात केकचा लिलाव होतो. अर्धं गाव केक करून आणतं, अर्धं गाव विकत घेतं, बाबा फुकटात पुकारा करतो आणि त्या पैशांवर उन्हाळाभर गावचा पोहण्याचा तलाव चालतो. गेल्या वर्षी आरोग्य खात्याचा एक निरीक्षक आला. श्रीमती एंगेनच्या नारळाच्या केककडे त्यानं असं पाहिलं, जणू केकच आता त्याला चावणार आहे. मग म्हणाला, घरच्या स्वयंपाकघरात केलेला केक परवान्याशिवाय विकता येत नाही, राज्याचा कायदा आहे. झालं! लिलाव बंद, तलाव कोरडा. सगळा जुलै गावची पोरं रिकाम्या तलावात स्केटबोर्ड फिरवत होती. आणि मी नुकतीच जीवरक्षकाची परीक्षा पास होऊन घरी बसून शिट्टी पुसत होते.

त्या परीक्षेआधी मला ओळखणारे लोक आता मला ओळखत नाहीत. मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. मग प्रशिक्षणात आम्हाला तलावाच्या ह्या टोकावरून त्या टोकापर्यंत ओरडायला लावलं. तेव्हा माझा आवाज जो बाहेर आला तो परत आत गेलाच नाही. आई म्हणते, सिग्नीला एखादं बटण बसवून मिळालं असतं तर बरं झालं असतं.

"मग कायदा बदल ना," मी एकदा जेवताना म्हणाले.

बाबानं डोक्याकडे हात नेला. आई टेबलावर टोपी घालू देत नाही, त्यामुळे त्याची पंचाईत झाली. "मी?"

"नाहीतर कोण? कायदा काय आभाळातून पडतो? कुणीतरी माणसानंच केला असेल ना?"

आमचे जुने आमदार गुडघे दुखतात म्हणून उबदार ॲरिझोनाला राहायला गेले होते. जागा रिकामी होती, बाबा उभा राहिला. दारोदार आम्ही दोघं फिरलो. बोलायचे मी, आणि बाबा कुंपणापाशी उभा राहून त्यांच्या गाईंकडे बघायचा. निघताना हळूच म्हणायचा, "ती लाल गाय ऑक्टोबरच्या आत विकू नका." लोकांना हे भाषणापेक्षा आवडलं असावं. तो निवडून आला.

आमच्या राज्याची विधानसभा एक वर्षाआड भरते, तीही हिवाळ्यात, जेव्हा शेतात काम नसतं. कारण आमदार म्हणजे बाकीच्या दिवसांत शेतकरी, शिक्षिका, मधमाश्या पाळणारे, एक तर प्रेतं पुरणारा. बाबानं पहिलंच विधेयक मांडलं ते केकचं. गावच्या कामासाठी विकायचा असेल तर घरचा केक चालेल, एवढंच. समितीत ते पास झालं आणि मार्चमध्ये सभागृहापुढे आलं. तो शेवटचा दिवस होता. त्या संध्याकाळपर्यंत जे विधेयक आमच्या सभागृहातून वरच्या सभागृहात गेलं नाही, ते मेलं. मग दोन वर्षांनी पुन्हा. तोवर मी शाळा संपवून कुठल्या कुठे गेले असते, आणि तलावात बहुधा झाडं उगवली असती.

मी शाळेतून सुट्टी काढून बाबाबरोबर राजधानीला गेले आणि वरच्या गॅलरीत पहिल्या रांगेत बसले.

बाबानं विधेयक वाचून दाखवलं. कागद हातात असला की तो आमच्या ट्रॅक्टरसारखा चालतो, मधेच बंद पडतो आणि धक्का दिला की पुढे जातो. वाचून झाल्यावर ऑर्व्हिल ओडेगार्ड उठले. हे बीटचे शेतकरी, सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य. त्यांच्या भुवया इतक्या दाट आहेत की त्यात एखादं पाखरू सहज राहील.

"सन्माननीय सदस्य एका प्रश्नाचं उत्तर देतील का?"

"देईन," बाबा म्हणाला.

"मफिन हा केक आहे, की केकचं वासरू?"

बाबानं विचार केला. खरंच केला! "वासरूच म्हणावं लागेल."

"मग त्याच्या कानाला बिल्ला लावायचा का?"

"कान सापडला तर लावू."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी विचारलं, केक मधोमध बसला तर जबाबदारी कुणाची, राज्याची की जिल्ह्याची? बाबा म्हणाला, "ओव्हनची." तो गंमत करत नव्हता. त्याला वाटत होतं की लोक खरंच विचारताहेत, म्हणून तो खरंच सांगत होता, आणि कानापर्यंत लाल झाला होता. मला वरून ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबा, हे लोक तुझी फिरकी घेताहेत. पण गॅलरीत बोललं की रखवालदार बाहेर काढतो.

एकच प्रश्न खरा होता. लव्हिनिया केसलर उठल्या. त्यांची दोन हॉटेलं आहेत. त्या बाबाकडे सरळ बघत म्हणाल्या, "मी परवाना काढते, तपासणी करून घेते, माझा आचारी हातमोजे घालतो. मग हे नियम मलाच का? मी विरोधात मत देणार आहे, व्हर्लिन. आधीच सांगते."

"आभारी आहे, बाई," बाबा म्हणाला.

मग मतदान. समोरच्या भिंतीवर मोठा फलक आहे, प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे दिवा. बाजूनं असेल तर हिरवा, विरोधात असेल तर लाल. बाबाच्या नावापुढे हिरवा लागला. आणि मग एकामागून एक, टपाटपा, सगळ्या फलकावर लालच लाल! जणू टोमॅटोची पेटी सांडली. एक बाबा सोडून सगळे लाल.

पण मी वरून बघत होते ना, म्हणून मला काहीतरी चमत्कारिक दिसलं. केसलरबाई सोडल्या तर कुणीच बाबाकडे बघत नव्हतं. एक जण ओठ चावत होता, दुसरीनं तोंडासमोर फाइल धरली होती आणि फाइल हलत होती. ओडेगार्ड टायनं चष्मा पुसत होते, आणि पुसत पुसत छताकडे बघत होते. बाकीचे सगळेच छताकडे. छतावर काय होतं? मीही पाहिलं. काही नव्हतं.

तेवढ्यात हातोडा आपटला.

"मतदान बंद! विधेयक नामंजूर!" अध्यक्षांच्या खुर्चीवर त्या दिवशी डेल पोकोर्नी होते. हे मधमाश्या पाळणारे, बाबासारखेच पहिल्या खेपेचे. नेहमीच्या अध्यक्षांनी त्यांना मान म्हणून सकाळपुरती खुर्ची दिली होती. पहिल्यांदाच हातोडा मिळालेला, त्यामुळे त्यांनी तो असा हाणला की त्यांच्या समोरचं पाणी सांडलं. मग ते खुशीत सगळ्यांकडे बघून हसले.

बाकी कुणीच हसत नव्हतं. सगळं सभागृह एकदम गार. त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "अरे देवा."

बाबानं कागद गोळा केले, बाकाखालची टोपी घेतली, टोपीच्या आत पाहिलं आणि चालत बाहेर गेला. मी जिने उतरून दारापर्यंत पोहोचले तेव्हा आमचा पिकअप कोपऱ्यावर वळत होता. मी हात हलवले, ओरडले, शिट्टी असती तर शिट्टीही वाजवली असती. माझा बाबा मला राजधानीत विसरून गेला होता. फोन करावा तर त्याचा फोन बाकाच्या खणात. बैठकीत फोन हातात ठेवू देत नाहीत.

वळले तर मागे ओडेगार्ड आणि पोकोर्नी. पोकोर्नींचा चेहरा आता चुन्यासारखा पांढरा.

"पोरी," ओडेगार्ड म्हणाले, "तुझे वडील कुठे?"

"घरी निघाले. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं विधेयक मारलंत ना!"

"अगं, मारलं नाही! ती रीत आहे आमची. नव्या माणसाचं पहिलं विधेयक आलं की आम्ही वेडेवाकडे प्रश्न विचारतो आणि सगळे लाल दाबतो. त्याचा चेहरा बघतो, पोटभर हसतो आणि मग सगळे हिरवे करतो. माझ्याशी पण केलं होतं, तेही बीटच्या विधेयकाला. खुर्चीवरचा माणूस तोवर थांबतो."

"मला कुणी सांगितलंच नाही!" पोकोर्नी रडकुंडीला आले होते. "मला वाटलं, बिचाऱ्याचं विधेयक खरंच कुणालाच नको."

"तुला कसं सांगणार, डेल? तुझं पहिलं विधेयक आज संध्याकाळी यायचं होतं."

मला हसू येणार होतं, पण मी ते गिळलं. "मग आता परत घ्या ना मत!"

"घेता येतं. ज्यानं लाल मत दिलं त्यानंच मागायचं, आणि आजच. ते मी मागतो. पण ज्याचं विधेयक तो जागेवर हवा. नियम आहे."

"थट्टा करायला नियम नाही, पण निस्तरायला आहे?"

"विधानसभा आहे ती," ओडेगार्ड म्हणाले. "तीन वाजता पुन्हा बसतोय. कुठे गेला असेल तो?"

मी विचार केला. घर दूर होतं. आणि बाबा दुःखी झाला की घरी जात नाही, कारण घरी आई विचारते. "आज बुधवार ना?" मी म्हणाले. "गावाबाहेरच्या शेडमध्ये गुरांचा लिलाव असेल."

ओडेगार्ड काकांच्या गाडीत मागच्या सीटवर बीट, पुढच्या सीटवर बीटचं पोतं आणि त्या पोत्यावर मी. गाडी ते अशी चालवतात की आम्हाला एका शाळेच्या बसनं मागे टाकलं आणि बसमधल्या पोरांनी वेडावून दाखवलं.

"काका, जरा दाबा की!"

"दाबतोय."

"ब्रेक नाही, दुसरं!"

पिकअप शेडबाहेरच उभा होता. आत नेहमीचा वास, शेण, भुसा आणि कॉफीचा. रिंगणात काळ्या कालवडी गोल फिरत होत्या, उंचावरच्या लाकडी पेटीत बाबाचा मित्र लायल माइकवर पुकारत होता आणि बाबा बसायच्या चढत्या फळ्यांतल्या सगळ्यात वरच्या फळीवर एकटाच बसला होता. मला बघून तो उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"सिग्नी! अगं, मी तुला तिथेच…"

"विसरलास. ते नंतर बघू."

ओडेगार्ड धापा टाकत चढले आणि त्यांनी सगळं सांगितलं. रीत, लाल दिवे, पोकोर्नी, हातोडा, सगळं. बाबानं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हसेल. त्यानं खाली बसून टोपी काढली आणि आत बघत राहिला. इतका वेळ की रिंगणातल्या कालवडी विकून दुसऱ्या आल्या.

"ऑर्व्हिल," तो शेवटी म्हणाला, "माझा धंदा काय आहे? चेहरे वाचणं. शेडमध्ये एवढी माणसं असतात, कुणी भुवई हलवतो, कुणी पेन्सिल. कोण खरा आणि कोण नुसताच बसलाय, हे मला कळतं, म्हणून माझं घर चालतं. आज तुम्ही सगळे खोटे होतात आणि मला एकही कळला नाही. एकसुद्धा! मग मी तिथे बसून काय करू? दुसरा कुणीतरी मांडेल. जा तुम्ही."

ओडेगार्ड काकांच्या भुवया खाली आल्या. उत्तर माझ्याकडे होतं.

"बाबा, ज्याला जनावर सगळ्यात जास्त हवं असतं, तो काय करतो?"

"म्हणजे?"

"तूच शिकवलंस ना मला! कुठे बघतो तो?"

बाबानं टोपीतून नजर वर काढली. "छताकडे."

"ते सगळे छताकडे बघत होते! मी वरून पाहिलं. एक सोडून सगळे. केसलरबाई तेवढ्या तुझ्याकडे बघत होत्या. म्हणजे तू शेडमध्ये असतास तर बरोबर वाचलं असतंस. तिथे तू कागद वाचत बसलास, म्हणून."

त्यानं टोपी घातली. पण उठला नाही. हट्टीपणात आमचं घराणं मोठं आहे. शेडच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. मग मला काय झालं कोण जाणे. मी धडाधडा फळ्या उतरून लायलच्या पेटीत चढले.

"लायलकाका, माइक द्या."

"कालवडी उभ्या आहेत, बाळ!"

"एकच नग विकायचाय."

लायलनं वर बाबाकडे पाहिलं, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या ओडेगार्डांच्या कोटाकडे आणि टायकडे पाहिलं आणि माइक माझ्या हातात दिला. बाबानं मला धान्याच्या कोठारात पुकारा शिकवला होता, पण माणसांसमोर मी कधी केला नव्हता. कोठारात फक्त मांजर असतं.

"ऐका हो ऐका!" माझा आवाज छपराला लागून परत आला. "नग एकच! एक आमदार, पहिल्या खेपेचा, हाडानं मजबूत, दात सगळे शाबूत, स्वभाव गरीब, जरासा हट्टी! माणसांत कमी बोलतो, गुरांत जास्त! बोली पैशात नाही, केकमध्ये! कोण म्हणतो एक, एक, एक केक, कोण देतो?"

शेड हसून फुटलं. खालच्या रांगेतल्या एकानं टोपी उचलली. "एक! चॉकलेटचा!"

"एक आला, दोन कोण, दोन दोन दोन, हा बघा उभा राहिला तर उंची बघा, दोन कोण देतो?"

"दोन, पण हा दूध देतो का?"

"भाषण देतो!"

"मग एकच!"

"तीन!" ओडेगार्ड वरून ओरडले. "आंबटगोड रुबार्बचे! माझ्या बायकोच्या हातचे!"

"तीन आले, चार कोण, चार चार, नाही? एक वार दोन वार तीन…"

"थांब!"

बाबा उभा होता. उभा काय, फळ्या उतरत होता, दोन दोन एकदम. "सिग्नी, हे काय आहे? दुसऱ्या आणि तिसऱ्या वाराच्या मधे श्वास घ्यायचा असतो! किती वेळा सांगितलं? तिथेच तर खरी बोली येते. लोक तिथेच ठरवतात. त्यांना वेळ द्यायचा असतो, अगं!"

"हेच पोकोर्नींना कुणी सांगितलं नाही, बाबा."

तो पेटीपाशी थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो हसला, ते त्याचं मोठं, बिनआवाजाचं हसू, ज्यात डोळ्यांतून पाणी येतं.

"तीन वार," मी माइकमध्ये म्हणाले, नीट श्वास घेऊन. "ओडेगार्डांना दिला."

परत जाताना बाबानं पिकअप चालवला आणि ओडेगार्ड काकांना मधे बसवलं. त्यांची गाडी तिथेच राहिली, नाहीतर आम्ही तीन वाजता नाही, रविवारी पोहोचलो असतो.

खुर्चीवर पुन्हा पोकोर्नीच होते. नेहमीच्या अध्यक्षांनी म्हटलं होतं म्हणे, सांडलंस तू, पूसही तूच. सभागृह सुरू व्हायच्या आधी बाबा त्यांच्याजवळ गेला आणि कानात काहीतरी बोलला. ओडेगार्डांनी फेरमतदान मागितलं, कुणीच हरकत घेतली नाही. केसलरबाई म्हणाल्या, "हरवायचं तर नीट हरवू. थट्टेनं जिंकलेलं मला नको."

बाबा उठला. ह्या खेपेला त्याच्या हातात कागद नव्हता. त्यानं मान वर केली आणि सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, सावकाश, शेडमध्ये फिरवतो तशी.

"टॉर्विकचा तलाव कोरडा आहे," तो म्हणाला. "केक विकला तर भरेल. माझी मुलगी जीवरक्षक आहे, ती वर बसलीय. तिचा आवाज तुम्ही ऐकला नसेल तर नशीबवान आहात." आणि खाली बसला. त्याचं आजवरचं सगळ्यात लांब भाषण.

दिवे लागायला लागले. हिरवा, हिरवा, हिरवा, शेवाळ पसरावं तसा फलक हिरवा होत गेला. केसलरबाईंचा लाल. आणि आणखी एक लाल.

व्हर्लिन हॉगस्टाड. लाल!

सभागृहाचा श्वासच अडकला. स्वतःच्याच विधेयकाला? ओडेगार्ड उठून उभे राहिले, पुन्हा बसले. कुणीतरी कुजबुजलं, "चुकून दाबलं का त्यानं?" कुणीतरी म्हणालं, "अरे, सांगा त्याला!" मी पाहिलं. बाबा मागे रेलून बसला होता, हात पोटावर, आणि छताकडे बघत होता.

पोकोर्नींनी हातोडा उचलला. सगळे ओरडणार इतक्यात त्यांनी तो हवेतच धरला. "कुणाला मत बदलायचंय?" ते म्हणाले आणि थांबले. एक श्वास, दुसरा श्वास. हातोडा खाली आलाच नाही.

बाबानं सावकाश बोट पुढे केलं. हिरवा.

जो गलका झाला त्यात हातोडा कुणाला ऐकूच आला नाही. ओडेगार्ड टेबल बडवत होते आणि ओरडत होते, "हा शिकला! हा शिकला!" मी गॅलरीत इतक्या जोरात ओरडले की रखवालदारानं मला बाहेर काढलं. त्यामुळे पुढचं मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाबा बाकांमधून चालत केसलरबाईंकडे गेला, टोपी काढली आणि हात पुढे केला.

"तुमचा लाल तेवढा खरा होता, बाई. तो मी बरोबर वाचला होता."

"मी अजूनही विरोधात आहे," त्या हात मिळवत म्हणाल्या.

"माहीत आहे."

"तुमच्या त्या लिलावात नारळाचा केक असतो म्हणतात."

"असतो."

केसलरबाईंनी पर्स बंद केली, चष्मा घातला आणि छताकडे पाहिलं.